काही त्रास नाही, साहेब

नोकरीत असताना दर काही वर्षांनी एक कागद यायचा. गाडी घेऊन पूर्णेला परत आलो आणि लॉबीत ड्यूटी संपल्याची सही करायला गेलो, की तिथला बाबू ड्रॉवर उघडून मिश्कील हसायचा. "गार्डसाहेब, तुमचा मेमो हाय." मेमो म्हणजे मेडिकलला हजर राहण्याचा हुकूम. डोळे, कान, छाती, रक्तदाब, साखर. पास झालात तर पुन्हा गाडीवर. नापास झालात तर लाईनीवरून खाली, आणि उरलेली नोकरी कुठल्या तरी कचेरीत टेबलामागं बसून, दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघत काढायची.

मी मालगाडीचा गार्ड होतो. छत्तीस वर्षं गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये काढली. ड्रायव्हर पुढचं बघतो, गार्ड मागं सुटत गेलेलं बघतो. म्हणूनच की काय, मला मागचं जरा जास्तच आठवतं.

तर, मेमो आला की पुढचे पंधरा दिवस अख्ख्या रेल्वे कॉलनीला न सांगता कळायचं की मेडिकल कुणाचं आहे. त्या घरातून कारल्याचा वास यायचा. माझी बायको कांता रात्री मेथीदाणे भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी माझ्या हातात देऊन, मी पेला रिकामा करेपर्यंत समोरून हलायची नाही. चहा बिनसाखरेचा, भात बंद, पापड-लोणचं बंद. चार घरं सोडून माझा दोस्त गफूर राहायचा. तो ड्रायव्हर. त्याचा मेमो आला की त्याच्याकडं बिर्याणी बंद व्हायची आणि त्याची अम्मी रुसायची. मग आम्ही दोघं संध्याकाळी पूर्णा नदीच्या पुलापर्यंत तरातरा चालत जायचो. पंधरा दिवसांत आयुष्यभराची तब्येत कमवायची असायची ना.

मेडिकलच्या दिवशी शेवटी साहेब चष्म्यावरून बघून विचारायचे, "काही त्रास?" आणि पूर्णेचा प्रत्येक माणूस, मग तो ड्रायव्हर असो की रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, एकच उत्तर द्यायचा. "काही त्रास नाही, साहेब." हे उत्तर आम्हाला जुन्या माणसांनी शिकवलं होतं आणि नव्या पोरांना आम्ही शिकवलं. कंबर मोडलेली असो, छातीत जळजळ असो, त्रास नाही. डोळ्यांच्या बाबतीत मात्र गफूरनं कधी चलाखी केली नाही. "सिग्नल दिसला न्हाई तं मानसं मरतील रे," म्हणायचा. बाकी सगळं आमच्या मते ज्याचं त्याचं होतं.

सगळ्यांत चांगले दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर मी ते मीटरगेजचे दिवस सांगीन. अकोल्याकडं जाणारी ती लहानशी लाईन, दोन्ही बाजूंनी कापूस, आणि इंजिनावर गफूर. गाडी सुटायच्या आधी तो इंजिनाच्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मागं बघायचा. मी ब्रेकव्हॅनच्या दारात उभा राहून हिरवी झेंडी दाखवायचो. तो शिट्टी मारायचा. मग गाडी हलायची. गार्डानं हिरवी दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हा नियम. मधे चाळीस वाघिणी असायच्या, चेहरा दिसायचा नाही, पण तो माझ्याकडं बघतोय हे मला कळायचं.

रिटायर झालो त्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली. गफूर माझ्याआधी तीन महिने सुटला होता. त्यानं स्टेजवर येऊन माझ्या तोंडात जिलेबी कोंबली आणि माईकवर ओरडला, "उत्तमभाई, आता मेमो न्हाई!" सगळे हसले. कांतानं त्या दिवसापासून घरात कारलं आणलं नाही. आणि पुढची सहा वर्षं मी कुठल्याही डॉक्टरसमोर उभा राहिलो नाही. कुणी बोलावलंच नाही तर जायचं कशाला?

दाबून धरायची सवय

त्या काळच्या ब्रेकव्हॅनमध्ये संडास-मोरीची सोय नसायची. पिंगळीला किंवा मिरखेलला गाडी बाजूच्या लाईनीत उभी राहिली की खाली उतरायचं आणि मोकळं व्हायचं. नाही उभी राहिली तर दाबून धरायचं. गार्ड लोक त्याची बढाई मारायचे. मीही मारली आहे.

म्हणून रिटायर झाल्यावर चारेक वर्षांनी उलटं सुरू झालं तेव्हा मला राग आला, भीती वाटली नाही. धरवत नव्हतं. गेलो तर नीट होत नव्हतं, नुसतं उभं राहायचं. आलो की पुन्हा जावंसं वाटायचं. रात्री पाच-पाच वेळा उठणं व्हायचं. कुणाच्या लग्नाला गेलो की आधी मोरी कुठं आहे ते बघून ठेवायचं, मग वधूवरांकडं बघायचं. परभणीच्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीची जागा सोडून संडासाजवळची जागा धरायला लागलो. ज्या माणसानं जन्मभर खिडकीबाहेर बघितलं त्यानं.

माझी मुलगी वर्षा मानवतला दिलेली आहे, शाळेत शिकवते. तिच्याकडं जायचं तर एसटी, आणि एसटी आपल्यासाठी मधे थांबत नाही. मी जाणं बंद केलं. "गुडघे दुखायलेत," म्हणून सांगितलं. राखी पौर्णिमेला तिला आणायला नाही गेलो, नातवाच्या वाढदिवसाला नाही गेलो. ती फोनवर गप्प व्हायची. मी मात्र फोन ठेवून निवांत व्हायचो, सुटलो एकदाचा म्हणून.

कांता विचारायची, "अवो, रातच्याला सारखं काहून उठायलाव?"

"पाणी जास्त पेलो," मी म्हणायचो. उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही.

शिबिर

दोन वर्षांपूर्वी आमच्या पेन्शनर मंडळींनी कॉलनीतल्या विहाराच्या सभागृहात एक तपासणी शिबिर ठेवलं. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी. परभणीहून एक तरुण डॉक्टर बाई येणार होत्या. बायकांची शिबिरं खूप झाली होती, पुरुषांचं पहिलंच. आम्ही वीस-बावीस जण आंघोळी करून, इस्त्रीचे सदरे घालून बाकांवर बसलो. प्रत्येकाच्या हातात फॉर्म. रात्री लघवीला किती वेळा उठता? धार अडखळते का? पूर्ण झाल्यासारखं वाटतं का? वडलांना, भावांना असा काही आजार होता का?

आता मी जे केलं ते सांगतो. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

गफूर माझ्या शेजारी होता. त्यानं फॉर्म बघितला आणि हळूच विचारलं, "काय लिहू रे?"

मी म्हणालो, "उठायच्या तिथं 'एकदा' लिही. शून्य लिहिलं तर खोटं वाटतं. बाकी सगळीकडं 'नाही'."

त्यानं लिहिलं. त्याच्या पलीकडच्यानं त्याचं बघून लिहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "गार्डसाहेब, एकदा ना?" मी मान हलवली. जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आम्ही सगळे पुन्हा मेडिकलला आलो होतो. हे लोक आपल्याला कशावरून उतरवणार आहेत, हा प्रश्न बावीस जणांतल्या एकालाही पडला नाही.

डॉक्टर मॅडमनी फॉर्म गोळा केले आणि एकेक वाचायला लागल्या. "एकदा. एकदा. एकदा." पुढचा उलटला. "एकदा." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "सगळे काका एकदाच उठतात? पूर्णेचं पाणीच तसं हाय का?"

हशा पिकला. त्याही हसल्या, पण थोड्याच.

"मी याच कॉलनीत वाढलेय," त्या म्हणाल्या. "माझे पप्पा पॉइंट्समन होते. आमच्याबी घरी कारल्याचा वास यायचा. पप्पा शेवटपर्यंत 'काही त्रास नाही' म्हणत राहिले, अन् आमीबी खरं मानलं." त्यांनी गठ्ठा बाजूला सारला. "फॉर्म राहू द्या. ज्यांना वाटतं त्यांनी रक्त द्या. रक्तात प्रोस्टेटचा आकडा वाढला मनजे कॅन्सरच, असं नाही. नाही वाढला मनजे सगळं ठीकच, असंबी नाही. काय विचारायचं ते आधी विचारा, मग द्या. पण ह्या तपासणीला कारलं चालत नाही, एवढं सांगते."

मी रक्त दिलं. शहाणपणानं नव्हे, लाजेनं. पॉइंट्समनची पोर समोर उभी राहून बघत होती. हात पुढं करून वळून बघितलं तर शेजारची जागा रिकामी. गफूर "चप्पल उन्हात राहिली" म्हणून बाहेर गेला होता, तो परत आलाच नाही.

वडील कशानं गेले?

आठवड्यानं मॅडमचा फोन आला, परभणीला येऊन जा म्हणून. त्यांनी आकडा सांगितला, जास्त होता. मग मागच्या बाजूनं बोट घालून तपासावं लागेल म्हणाल्या आणि शेजारच्या पुरुष डॉक्टरांना बोलावलं. ती तपासणी मी सहासष्ट वर्षं टाळली होती. ती तितका वेळही चालत नाही, जितका वेळ मी चड्डीची नाडी सोडायला लावला. लाज वाटली, हो. पण बाहेर आल्यावर मी तोच होतो.

मग मॅडमनी पुन्हा तो फॉर्म काढला. "काका, वडील कशानं गेले?"

"वयानं," मी म्हणालो.

"किती होतं वय?"

मी बोटं मोजली. "साठ-एकसष्ट असंल."

त्यांनी पेन खाली ठेवला. आणि मला माझा बाप दिसायला लागला. आमचं गाव पूर्णेपासून कोसभर. बाप दुसऱ्यांच्या रानात कामाला. काम करता करता बांधावरच्या बाभळीमागं जायचा आणि उभाच राहायचा. आम्ही पोरं खाली ज्वारीची ताटं मोजायचो, तरी बाप यायचा नाही. आम्ही हसायचो. मुकादम ओरडायचा. बाप परत आला की कपाळावर घाम असायचा, आणि तो काही न बोलता विळा उचलायचा. शेवटी शेवटी पोट फुगलं, पाठ धरली. लोक म्हणाले, वय झालं. त्याला कधी कुणी मेमो दिला नाही. त्याला त्रास आहे का, असं विचारणारा एक माणूस त्याच्या जन्मात त्याला भेटला नाही.

मला विचारणारी समोर बसली होती आणि मी तिला 'एकदा' लिहून दिलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "तिथं पाच लिहा."

रिपोर्टचा दिवस

पुढं नांदेडला फेऱ्या झाल्या. एमआरआय, मग तुकडा काढून तपासणं. कांताला मी एवढंच सांगितलं होतं की पेन्शनर लोकांचं रूटीन चालू आहे. रिपोर्टच्या दिवशी ती हट्टानं सोबत आली. तिला बाहेर बसवून मी आत गेलो.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "काका, प्रोस्टेटचा कॅन्सर हाय. पण जाग्यावर हाय, बाहेर पसरलेला दिसत न्हाई. वेळेवर आलाव."

मला त्या वाक्यातला एकच शब्द ऐकू आला. कानात गाडी पुलावरून जाताना होतो तसा आवाज भरला. आणि माझं तोंड आपोआप म्हणालं, "पण मला काही त्रास नाही, साहेब."

बाहेर येऊन कांताला म्हणालो, "चल, काही नाही." तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण माझा चेहरा चाळीस वर्षं वाचत आली आहे. नांदेड स्टेशनच्या बाकावर बसलो, गाडीला वेळ होता, तेव्हा तिनं माझ्या हातातली फाईल काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"कॅन्सर हाय ना?"

मी मान हलवली.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. "मला बी मेडिकलवाला साहेब समजलाव का तुमी? मी तुमाला लाईनीवरून खाली उतरवणार होते का? मेथीचं पाणी मी दिलं, कारलं मी खिसलं, अन् मलाच 'पाणी जास्त पेलो' सांगायलाव?" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग तिचा आवाज बसला. "इतके दिवस एकटेच भेत होताव. मी काय करायले होते मग शेजारी झोपून?"

गाडी आली. तिनं मला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः संडासाच्या वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात उभी राहिली, मला जायला वाट मोकळी असावी म्हणून.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. दवाखान्याचा दिवस रेल्वेसारखाच टाइमटेबलावर चालतो, हे मला आवडलं. पहाटे सिस्टर ताप-रक्तदाब बघणार, मग झाडू, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणाऱ्यांची वेळ. कोण कधी येणार हे कळलं की भीती थोडी कमी होते.

ऑपरेशनच्या आधीची भीती मात्र कशानं कमी झाली नाही. मरायची होतीच. पण त्याहून जास्त भीती होती ती आपण निम्मेच परत येऊ याची. डॉक्टरांनी आधीच बसवून समजावलं होतं की काही दिवस लघवीवर ताबा राहणार नाही, आणि नवराबायकोतलंही पहिल्यासारखं राहील याची खात्री नाही. हे दुसरं मी लिहिणार नव्हतो. पण हे वाचणाऱ्यांपैकी किती तरी जण नेमके त्याच भीतीनं घरी बसलेले असतील, मला माहीत आहे. मी कांताला ते सांगितलं तेव्हा ती माझ्या डब्यातल्या पोळीचे तुकडे करत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला तुमी पायजेत. बाकीचं मागून बगू."

गाडी स्टेशनातून जाते तेव्हा स्टेशनमास्तर शेवटच्या डब्याकडं निरखून बघतो. शेवटची पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मधे काही सुटून राहिलं नाही. मला शुद्ध आली तेव्हा स्ट्रेचर वॉर्डात वळत होतं आणि दारात कांता उभी राहून अगदी तसंच बघत होती, डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारलं, "काका, त्रास होतोय का?" मी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणालो, "हो सिस्टर. लय दुखायलंय." त्यांनी सलाईनमध्ये काहीतरी दिलं आणि दहा मिनिटांत दुखणं उतरलं. मला हसू आलं. एवढंच करायचं होतं? सांगायचं?

घरी सोडलं ते लघवीच्या नळीसकट. पिशवी हातात धरून फिरायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कांतानं ट्रंकेतून माझा जुना पांढरा युनिफॉर्म काढला, पँट कापली आणि पिशवीला घालायला नाडीची खोळ शिवली. "घ्या, डूटीवर जा," म्हणाली. ती खोळ खांद्याला अडकवून मी अंगणात फिरलो. बायको हसत होती आणि तिचे डोळे पुसायला तिला पदर पुरत नव्हता.

नळी निघाल्यावरचे तीन महिने वाईट होते, ते गोड करून सांगत नाही. शिंकलो तरी कपडे ओले. पॅड लावायचे. एकदा दोरीवर माझे कपडे वाळत घातलेले बघून मी कांतावर इतका ओरडलो की शेजारची माणसं दारात आली. ती दोन दिवस बोलली नाही. मग वर्षा मानवतहून आली. मी तिच्याकडं का येत नव्हतो हे कांतानं तिला सांगून टाकलं. वर्षा माझ्या पायाशी बसून रडली. "पप्पा, मला वाटलं ह्यांचं काही तुमच्या मनाला लागलं. मी दोन वर्षं ह्यांच्याशी भांडायलेय."

जावई बिचारा. माझ्या एका 'गुडघे दुखायलेत' ची शिक्षा त्यानं भोगली.

हळूहळू ताबा आला. रोज व्यायाम करायचा होता, तो केला. पुढच्या तपासण्यांत आकडा खाली आला आणि खालीच आहे. दर काही महिन्यांनी रक्त द्यायला जातो. त्याचा कागद कांता जपून ठेवते, आणि तारीख जवळ आली की म्हणते, "तुमचा मेमो हाय."

गफूर

आता राहिला गफूर.

मी दवाखान्यातून आल्यावर तो केळी घेऊन आला. खुर्ची लांब ओढून बसला, आजार उडून येतो की काय अशी. तासाभरात तो दोनदा मोरीत जाऊन आला. मी मोजत होतो. दोन्ही वेळा आत बराच वेळ लागला, आणि परत आला तेव्हा कपाळावर घाम होता. तसा घाम मी लहानपणी बघितलेला होता.

"गफूर, तू रक्त देऊन ये."

"मेरेकू कुछ नहीं हुआ," तो म्हणाला. मग मराठीत आला. "तुला झालं मनून सगळ्यायलाच होतं का?"

"शिबिरात मी तुला चूक सांगितलं. मी बी खोटं लिहिलं होतं."

तो उठून उभा राहिला. "तूच सांगितलं एकदा लिही मनून. आता तूच मनायलास जा. तुझी हिरवी खरी का लाल खरी रे?" आणि गेला. महिनाभर तो माझ्या दारावरून गेला नाही. नदीच्या बाजूनं फिरून जायचा. भाभी, म्हणजे त्याची बायको, कांताजवळ रडून गेली. रात्ररात्र जागा असतो, विचारलं की ओरडतो.

मी तीनदा त्याच्या घरी गेलो. तिसऱ्या वेळी त्याच्यासमोर बसून माझं पॅडचं पाकीट काढून दाखवलं. तो तोंड फिरवून म्हणाला, "डाक्टरकडं गेलं की उतरवतेत, भाई."

"कशावरून उतरवतेत? सहा वर्षांमागंच उतरलो की आपण."

त्याला पटलं होतं, पण पाय उचलत नव्हता. मला माझ्या बापाची बाभळ दिसत होती आणि त्या शिबिरातला बाक दिसत होता. बाप गेला तेव्हा मला काही कळत नव्हतं. ह्याला मात्र मीच, माझ्या तोंडानं, 'एकदा' लिहायला सांगितलं होतं. याला काही झालं तर माझा कमी आलेला आकडा मी कुणाला दाखवू?

घरी आलो आणि एक कोरा कागद घेतला. जुना मजकूर अजून पाठ होता. वर मधोमध 'मेमो' लिहिलं. खाली लिहिलं, 'श्री. गफूर, ड्रायव्हर, पूर्णा, यांनी येत्या सोमवारी सकाळी परभणी येथे मेडिकलसाठी हजर राहावे. सोबत गार्ड उत्तम असतील. कसूर चालणार नाही.' सही केली, तारीख टाकली, घडी घालून भाभीच्या हातात दिला. "त्याच्या हातात द्या, अन् सही घ्या," म्हणालो.

संध्याकाळी कागद परत आला. खाली मोडक्या इंग्रजीत त्याची सही होती. त्या माणसानं अडतीस वर्षांत एकही मेमो चुकवला नव्हता.

सोमवारी सकाळी तो माझ्याआधी प्लॅटफॉर्मवर हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. जवळ गेलो तर वास आला.

"कारलं पेलास?"

"तुझ्या भाभीनं दिलं," तो खाली बघत म्हणाला. "मेमो आल्यावर देतेच ना ती."

पॅसेंजरमध्ये आम्ही दोघंही संडासाजवळच्या जागेवर बसलो. मिरखेल आलं, पिंगळी आलं. बाजूच्या लाईनीत एक मालगाडी उभी होती, आणि तिच्या शेवटच्या डब्याच्या दारात एक तरुण गार्ड उभा होता. आम्ही दोघंही वळून त्याच्याकडं बघत राहिलो, तो दिसेनासा होईपर्यंत.

मॅडमनी गफूरला समोरच्या खुर्चीत बसवलं. मी मागं दाराजवळ उभा राहिलो. त्यांनी नवा फॉर्म काढला, पेन उघडला आणि त्याच्याकडं बघितलं.

"बोला काका. काही त्रास?"

गफूरनं छाती पुढं काढली. ओठ हलले. ते वाक्य त्याच्या तोंडात आलेलं मला मागून दिसत होतं. मग तो थांबला. खुर्चीतून अर्धा वाकला आणि वळून मागं बघितलं.

माझ्याकडं झेंडी नव्हती. मी रिकामा हात वर केला आणि हलवला.

गफूरनं घसा खाकरला आणि पुढं वळला.

"हाय, मॅडम," तो म्हणाला. "लय त्रास हाय."